पत्रा आधी, इंजिन मग: 1991 ची युनोस रोडस्टर

गाडी घेतल्याचं कळवलं तेव्हा पुण्याहून भावाचा पहिला प्रश्न आला, "ॲव्हरेज किती देते?" आईचा आला, "म्हणजे, एवढ्या पैशात दोनच माणसं बसतात?" ऑफिसातल्या जपानी सहकाऱ्याने मात्र वेगळंच विचारलं, "गळते का?" पाच वर्षं गाडी वापरल्यावर सांगते, विचारण्यासारखा प्रश्न तोच होता. उत्तर असं की गळते. तेल थोडं, पाणी जास्त.

मी पुण्यात जपानी शिकले आणि गेली बारा वर्षं योकोहामाजवळ एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत दुभाषी आहे. दिवसभर सदोष मालाचे अहवाल इकडून तिकडे भाषांतर करायचे, हा माझा धंदा. त्यामुळे गाडी घेताना मी फार सावध असेन असा माझा समज होता. नव्हते. हिरवा रंग, लाकडी स्टिअरिंग आणि वर उघडणारे दिवे दिसले आणि मी सही करून मोकळी झाले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: युनोस हे माझदाच्या जपानमधल्या एका विक्री साखळीचं नाव होतं. हीच गाडी अमेरिकेत मियाटा आणि युरोपात एमएक्स-5 म्हणून विकली गेली. फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवली, सप्टेंबरमध्ये जपानात आली, किंमत 17 लाख येनपासून. 1.6 लिटरचं इंजिन, 120 अश्वशक्ती, मागच्या चाकांना ताकद, आणि वजन साध्या मॉडेलचं 940 किलो. भावाच्या बलेनोचं वजन साधारण तेवढंच आहे, पण ती पाच जणांना आणि त्यांच्या बॅगांना नेते. माझी 'व्ही स्पेशल' आहे, म्हणजे गडद हिरवी, आत तपकिरी चामडं, नार्डी या इटालियन कंपनीचं लाकडी स्टिअरिंग आणि गिअरच्या दांड्यावर लाकडाचा गोळा. 1991 च्या वसंतातली.

आधी कौतुक करून घेते, नंतर रडगाणं आहेच.

ही गाडी जोरात पळत नाही. एक्स्प्रेसवेवर बाळाची सीट लावलेली कुठलीही फॅमिली व्हॅन तुम्हाला मागे टाकते. पण ताशी 50 ला घाटातल्या वळणावर ही गाडी जे करते ते मला दुसऱ्या कुठल्या गाडीत सापडलेलं नाही. माझदाचे लोक त्याला 'जिन्बा इत्ताइ' म्हणतात, स्वार आणि घोडा एकजीव होणं. एका बैठकीत मला हे हिंदीत सांगायचं होतं आणि मी काहीतरी 'घोड़ा और सवार' वगैरे पुटपुटले. घरी येताना सुचलं, आपल्याकडे याला शब्द आहे की! मांड बसणे. या गाडीत मांड बसते. बूड जमिनीपासून वीतभर वर, पाय सरळ पुढे, आणि मागचं चाक काय करतंय ते कमरेला कळतं. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग) यांना जोडणारा ॲल्युमिनियमचा एक लांब तुळईसारखा भाग खाली आहे, त्यामुळे पाय दाबला की मधे कुठे झोल जात नाही, लगेच जाणवतं. गिअरचा दांडा मनगटाने पडतो. खट, खट. सिग्नलला उभी असताना मी उगाच दुसरा, तिसरा, दुसरा करत बसते, हे कबूल करते.

आई 2023 च्या एप्रिलमध्ये आली तेव्हा तिला शोनानच्या समुद्राकाठी 134 नंबरच्या रस्त्याने नेलं. टप उघडा, तिने पदर कानांवरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारली. एनोशिमा मागे पडेपर्यंत एक शब्द नाही. मग म्हणाली, "तुझ्या बाबांच्या चेतकवर मागे बसल्यासारखं वाटतंय, फक्त पाठ दुखत नाही." बाबांची चेतक थंडीत सुरू व्हायची नाही, तिला आडवी करून, पुन्हा उभी करून किक मारायला लागायची. सगळ्या वाड्याला ते ठाऊक होतं. जुन्या वाहनाची नाटकं अंगवळणी पडलेल्या घरातली मी आहे, हे बहुधा आईलाच आधी लक्षात आलं.

आता रडगाणं.

मी गाडी नोव्हेंबर 2019 मध्ये एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून घेतली, 86,000 किलोमीटर चाललेली. तो म्हणाला, टायमिंग बेल्ट (इंजिनातले भाग एका तालात फिरवणारा रबरी पट्टा) बदललेला आहे. इथे बेल्ट बदलला की किती किलोमीटरला बदलला याचा छोटा स्टिकर इंजिनाजवळ चिकटवायची पद्धत आहे. बॉनेट उघडल्यावर स्टिकर दिसला नाही. "धुताना निघाला असेल," तो म्हणाला. मीही मान डोलावली. वर्षाला शंभर सदोष-अहवाल वाचणारी बाई मी, आणि 'धुताना निघाला असेल' यावर मान डोलावली!

घराजवळ एक छोटं गॅरेज आहे. मालक सत्तरीचे, सगळे त्यांना 'शाचो', म्हणजे मालकसाहेब, म्हणतात, मीही म्हणते. त्यांनी गाडी पाहिली, इंजिन बंद करून समोर उकिडवे बसले आणि टॉर्च खालच्या पुलीवर धरला. "खाचा मोजा," म्हणाले. मी मोजल्या. चार. त्यांनी दाताने हवा आत ओढली. जपानमध्ये राहिलेल्यांना हा आवाज ठाऊक आहे. नाही म्हणायचं असतं तेव्हा येतो.

गोष्ट अशी आहे. अगदी सुरुवातीच्या, साधारण 1991 च्या मध्यापर्यंतच्या गाड्यांमध्ये क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, पुढचं टोक आखूड होतं. त्याच्यावर बेल्टची पुली बसते आणि एक मोठा बोल्ट ती धरून ठेवतो. बोल्ट नीट कसला नसेल तर पुली डुगडुगायला लागते, पुलीला दांड्यावर अडकवणाऱ्या लोखंडी चावीची खाच झिजते, आणि शेवटी क्रँकच बाद होतो. म्हणजे इंजिन उतरवणं आलं. पुढे माझदाने टोक लांब केलं आणि पुलीला आठ खाचा आल्या. चार खाचा म्हणजे गाडी वाईट असं नव्हे. चार खाचा म्हणजे तो बोल्ट शेवटचा कोणी उघडला आणि कसा बसवला हे माहीत असायला हवं. आणि तो बोल्ट उघडला जातो कधी? टायमिंग बेल्ट बदलताना. म्हणजे माझ्या हरवलेल्या स्टिकरला किती मोल होतं ते आता कळलं.

शाचोंनी उघडून पाहिलं. बेल्ट जुनाच होता, बोटाने वाकवला की कडेला बारीक भेगा दिसत होत्या, आणि पुढच्या ऑइल सीलमधून पाझरलेल्या तेलाने एक बाजू काळी झालेली. सुदैव एवढंच की कोणी हात लावला नव्हता म्हणून बोल्टही कारखान्यातल्यासारखाच घट्ट, चावीची खाच शाबूत. विक्रेत्याच्या खोटेपणामुळेच इंजिन वाचलं, असं म्हणता येईल. बेल्ट, वॉटर पंप, पुढचे सील, होस पाइप, मजुरी धरून 95,000 येन झाले. (येनचा हिशोब करताना साधारण निम्मे रुपये धरा, वर थोडे.) विक्रेत्याला फोन केला. त्याने फार अदबीने, फार लांबलचक माफी मागितली आणि एक येनही दिला नाही.

या इंजिनाबद्दल एक दिलासा आहे: बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. गाडी जिथल्या तिथे बंद पडते, पण आतून कुटली जात नाही. एकूणच इंजिन चिवट आहे. सकाळी सुरू केल्यावर टिक टिक टिक असा आवाज येतो, आपले फिटर ज्याला 'टॅपेट वाजतात' म्हणतात तो. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या हायड्रॉलिक लिफ्टरमध्ये तेल चढेपर्यंत वाजतात, गाडी आठवडाभर उभी असली की जास्त. शाचो लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून दुसरं टोक इंजिनावर टेकवतात, डोळे मिटतात आणि "तिसरा," असं म्हणतात. काही करत नाहीत. तेल वेळेवर बदला आणि गाडी चालवत राहा, एवढंच. इंजिनाच्या मागच्या अंगाला कॅम सेन्सरची एक रबरी ओ-रिंग असते, ती कडक होऊन तेल झिरपतं आणि लोकांना वाटतं मोठं काहीतरी फुटलं. दोन-चारशे येनची रिंग. हात मात्र तिथवर पोचत नाही, मजुरी त्याची लागते.

क्लचचं खालचं सिलिंडर एकदा गळलं. हाकोनेहून उतरताना पेडल हळूहळू तळाला जाऊन बसलं आणि ओदावाराच्या सिग्नलला पहिला गिअर पडेना. पेडल पाच-सहा वेळा पंपासारखं मारून कशीबशी घरी आले. ही या गाडीची जगजाहीर खोड आहे. एक संध्याकाळ आणि माफक खर्च.

या सगळ्याची मला चिंता नाही. भाग मिळतात. हीच या गाडीची तिच्या पिढीतल्या इतर जपानी स्पोर्ट्स कारपुढे खरी सरशी. माझदाने एप्रिल 2016 मध्ये दहा लाखावी रोडस्टर बनवली, आणि पहिल्या पिढीच्याच चार लाखांवर गाड्या निघाल्या. इतक्या गाड्या जगभर असल्या की कोणीतरी रबराचे बुश बनवत राहतोच. शिवाय कंपनीने 2017 मध्ये पहिल्या पिढीसाठी दुरुस्ती-सेवा जाहीर केली. कापडी टप, नार्डीचं स्टिअरिंग असे भाग पुन्हा काढले, ब्रिजस्टोनने त्या काळच्या नक्षीचे 14 इंची टायर पुन्हा बनवले. गाडी कंपनीकडे सोपवायची तर मूलभूत कामाचाच आकडा 25 लाख येनच्या घरात होता, तेव्हा ते माझ्यासाठी नाही. पण त्यानिमित्ताने बनलेले भाग शाचोंच्या काउंटरवरही येतात.

ऑफिसातल्या एकाकडे आरएक्स-7 आहे. रोटरी इंजिन, दिसायला अप्सरा. तो गाडीबद्दल बोलतो तेव्हा आवाज खाली जातो, घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलावं तसा. निसानच्या स्कायलाइन आर-32 जीटी-आरचं तर नावच नको. अमेरिकेत 25 वर्षं झालेली गाडी आयात करता येते, त्यामुळे 2014 पासून त्या पिढीवर तिकडच्या लोकांची धाड पडली आणि भाव गगनाला भिडले. रोडस्टरही महागली आहे, पण अजून नोकरदाराच्या आवाक्यात आहे.

मग चिंता कसली? पाण्याची.

पहिल्याच पावसाळ्यात, इथला त्सुयू जूनमध्ये सुरू होतो, मी पार्किंगमधून निघून चढावर वळले आणि माझ्या उजव्या खांद्यामागे आवाज झाला. चुळूक. पुढच्या वळणावर डावीकडून, चुळूक. अर्धी भरलेली कळशी कोणी मागे ठेवून दिली असावी तसा. सीटखाली काही नाही, गालिचा कोरडा, डिकी कोरडी. चार दिवस मी पाण्याची बाटली शोधत होते.

शाचोंनी गाडी वर उचलली आणि मागच्या चाकाच्या जरा पुढे, तळाच्या पत्र्यातलं एक भोक दाखवलं. टप आणि अंग जिथे मिळतात तिथलं पावसाचं पाणी सीटबेल्टच्या खांबामागच्या एका नळीतून खाली येतं आणि या भोकातून बाहेर पडतं. दोन्ही बाजूंना एकेक. त्यांनी वरून पडद्याची स्प्रिंग घातली (हो, खिडकीच्या पडद्याची, प्लॅस्टिकचं वेष्टण असलेली), हळूहळू फिरवली, ओढली, पुन्हा घातली. आधी काळा चिखल आला. मग मोमिजीचं, म्हणजे जपानी मेपलचं, एक अख्खं पान, चहाच्या पावडरीच्या रंगाचं, शिरा शाबूत. मग एकदम धार लागली आणि थांबेचना. शाचोंचे बूट भिजले. ते हसले नाहीत. टॉर्च घेऊन दाराखालचा उंबरठा अंगठ्याने दाबत, मागून पुढे, इंच इंच सरकत गेले. मागच्या चाकापाशी एका जागी थांबले. रंग फुगला होता, रुपयाच्या नाण्याएवढा फोड. नखाने टोकरला तर पापुद्रा सुटला आणि आतून तांबडा भुगा पडला.

या गाडीचं मरण तिथून येतं. दाराखालचे हे दोन उंबरठे म्हणजे नुसता पत्रा नाही. वर छप्पर नाही, तेव्हा गाडीचा ताठपणा याच्यावर आहे. इंजिन उतरवून दुसरं बसवता येतं, गिअरबॉक्स मिळतो, सीट मिळतात. उंबरठा आतून कुजला की कापून नवा पत्रा जोडायचा, आणि ते काम नीट करणारा माणूस शोधायचा. माझं वेळेत सापडलं. फोड कापला, जोड दिला, आत मेणासारखं गंजरोधक फवारलं, 68,000 येन. आता दर दोन महिन्यांनी, आणि पानगळीत दर पंधरवड्याला, मी तीच पडद्याची स्प्रिंग घेऊन पार्किंगमध्ये गुडघ्यांवर बसते. शेजारचे आजोबा आधी चौकशी करायचे, आता नुसते "कष्ट घेताय हं" म्हणून जातात. समुद्राकाठून फिरून आले की त्याच संध्याकाळी खालून गोड्या पाण्याने धुते. आईला फिरवलं त्या दिवशीही धुतली, ती गॅलरीतून बघत म्हणाली, "बैलाला धुतात तशी धुतेस."

टपाचं काम त्यातलंच. मागची काच म्हणजे पातळ प्लॅस्टिक, चेनने लावलेलं. टप पाडण्याआधी चेन उघडून ते सपाट पसरायचं. आळस करून तसाच पाडला तर घडी पडते, आणि थंडीत घडी पडली की तडकते. मी जानेवारीत आळस केला. नवा टप, मजुरीसकट 1,30,000 येन. याचा दोष कोणावर टाकता येत नाही.

दिव्यांची मात्र मजाच. वर उघडणारे दिवे हेच गाडीचं लाडकं लक्षण. 1998 च्या दुसऱ्या पिढीत ते गेले. आमच्या गल्लीतल्या बालवाडीची पोरं गाडी दिसली की हात करतात, मी दिवे उघडून मिटते, ती किंचाळतात. एकदा अंधार पडताना डावा दिवा उघडलाच नाही, गाडी डोळा मारत उभी. बॉनेट उघडून त्या दिव्याच्या मोटारीवरची रबरी टोपी काढली की खाली एक गोल मूठ असते, ती हाताने फिरवत राहिलं की दिवा तसूतसूने वर येतो. फार फिरवावी लागते. एक सायकलवाला थांबून फोनचा उजेड धरून उभा राहिला आणि दिवा पूर्ण वर आल्यावर त्याने टाळ्या वाजवल्या.

एसी थंड होत नव्हता. 1991 च्या गाडीत आर-12 वायू, त्याचं उत्पादन केव्हाच बंद. आर-134-ए वर बदलून घेतला. ऑगस्टच्या दुपारी तो बिचारा नुसता धापा टाकतो. मी ऑगस्टमध्ये ट्रेनने जाते.

पैशांचं एकदा सांगून टाकते. गाडी 8,80,000 येनला पडली. इथे दर दोन वर्षांनी 'शाकेन' असतं, आपल्या फिटनेस तपासणीसारखं, पण खरोखर तपासतात. जुन्या गाडीला इथलं सरकार प्रेमाने वागवत नाही: तेरा वर्षं उलटली की पेट्रोल गाडीचा वार्षिक कर साधारण 15 टक्के वाढतो, माझ्या गाडीला 39,500 ऐवजी 45,400 येन. वजनावरचा करही वाढतो, अठरा वर्षांनंतर आणखी, एक टनाच्या आतल्या गाडीला दोन वर्षांचे 25,200. सक्तीचा विमा वेगळा. पार्किंग महिना 14,000, आणि पार्किंगची जागा असल्याचा पोलिसांचा दाखला असल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. साधं पेट्रोल चालतं, लिटरला 11-12 किलोमीटर. (भावा, मिळालं उत्तर?) पाच वर्षांत दुरुस्तीवर गेले ते धरले तर गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून थोडे जास्त. यात आळशीपणाचा दंड बराच आहे.

पुतण्याला ही गाडी पुण्यात हवी आहे. त्याला दर फोनला सांगते, तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी भारतात अशी आणता येत नाही. तो म्हणतो नियम बदलतील. बदलले तरी पुण्यातल्या स्पीडब्रेकरवर हिचं पोट टेकेल, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

घ्यावी का? घरात दुसरी गाडी किंवा जवळ स्टेशन असेल, आणि महिन्यातून एक रविवार गुडघे टेकायची तयारी असेल, तर घ्या. चकचकीत आणि ओल्या वासाची घेऊ नका. टापटिपीच्या पावत्या असलेली, रंग उडालेली, दोन लाख किलोमीटर चाललेली चालेल. सीट पुढे ढकला, मागचा गालिचा उचला, हात खाली घाला. पावसाच्या दुसऱ्या दिवशी बघायला जा. विक्रेता पाऊस नसताना बोलवत असेल तर सोबत पाण्याची बाटली न्या आणि टपाच्या कडेने ओता. लाज वाटू देऊ नका.

मागच्या शनिवारी टोकियोतल्या निशिकासाईहून एक ओळखीचा मुलगा, नागपूरचा, मला घेऊन साइतामात एक लाल रोडस्टर बघायला गेला. पुलीला आठ खाचा. बेल्टचा स्टिकर जागेवर, तारखेसकट. इंजिन इतकं शांत की त्याने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मी सीट पुढे केली, गालिच्याखाली हात घातला आणि तो बाहेर काढून त्याला दाखवला. बोटं ओली होती. विक्रेता म्हणाला, "काल पाऊस झाला ना." आठ दिवस थेंब पडला नव्हता. आम्ही दोघांनी वाकून आभार मानले, स्टेशनवर येऊन ओनिगिरी (भाताचे गोळे) घेतल्या आणि ट्रेन पकडली.